कर्ज कोणाचं आणि पेपर कोणाचा: मिलानच्या 'कोरिएरे देल्ला सेरा'ची १९७४ ते १९८४ ही दहा वर्षं

इटलीतल्या मिलान शहरात व्हिया सोल्फेरिनो नावाचा रस्ता आहे आणि तिथे १९०४ पासून एका दैनिकाचं ऑफिस आहे, 'कोरिएरे देल्ला सेरा' म्हणजे संध्याकाळचा निरोप्या. नाव संध्याकाळचं पण पेपर केव्हाच सकाळचा झाला, आणि इटलीत तो कित्येक पिढ्या घराघरात असा रुजला की लोक त्याला नुसतं 'व्हिया सोल्फेरिनो' म्हणूनही ओळखतात. या पेपरला जवळपास दीडशे वर्षं झालीत, त्यातली दहाच वर्षं इथे घेतोय. कारण पेपर हातातून कसा जातो हे बघायला याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही. कुणी दरवाजा फोडून आत घुसलं नाही, कुणी सेन्सॉरचा अधिकारी नेमला नाही, सगळं बँकेच्या टेबलावर झालं आणि चार वर्षं वाचकाला पत्ताच नव्हता.

प्रकरण अभ्यासात साधारण नावं झाकतात. इथे मालक, संपादक, बँकर आणि मंत्री यांची नावं संसदीय चौकशीत आणि इतिहासात उघड आहेत, ती झाकून काही साधणार नाही. बाकी ऑफिसातल्या साध्या वार्ताहरांची नावं लागत नाहीत तिथे घेतलेली नाहीत.

पार्श्वभूमी

पेपर सुरू झाला ५ मार्च १८७६ ला. सुरू करणारा एउजेनिओ तोरेल्ली व्हिओल्लिए, मूळचा नेपल्सचा, आणि तरुणपणी नेपल्समध्येच फ्रेंच कादंबरीकार अलेक्सांद्र द्युमाच्या पेपरात काम शिकलेला. पहिल्या अंकाच्या १५,००० प्रती काढल्या होत्या. पहिल्याच अंकात त्याने वाचकांना उद्देशून लिहिलं की आम्हाला तुमच्याशी सरळ बोलायचंय. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यापाशीच येऊन अडतं.

पैसा मात्र लवकरच बाहेरून आला. १८८५ मध्ये बेनिन्यो क्रेस्पी हा कापडगिरणीवाला भागीदार झाला आणि तिथून जवळजवळ ९० वर्षं क्रेस्पी घराणं पेपरात होतं. म्हणजे गिरणीचा पैसा आणि संपादकाचा शब्द अशी ही जोडी, आणि ती कधी नीट जमली कधी तुटली. १८९८ मध्ये मिलानमध्ये पावाच्या भाववाढीवरून लोक रस्त्यावर उतरले तेव्हा जनरल बावा बेक्कारिसने गर्दीवर तोफा चालवल्या, मालक मंडळी सरकारच्या बाजूने होती, संस्थापक तोरेल्ली व्हिओल्लिए नव्हता, आणि त्याने स्वतः उभा केलेला पेपर सोडला.

त्यानंतर लुइजी अल्बेर्तिनी आला, १९०० पासून. या माणसाने पेपर खऱ्या अर्थाने मोठा केला, परदेशी वार्ताहर नेमले, 'कोरिएरे देई पिक्कोली' हे लहान मुलांचं साप्ताहिक १९०८ मध्ये काढलं, खप कित्येक पटीने वाढवला. तो स्वतः भागीदारही होता. पण १९२४ मध्ये समाजवादी खासदार मात्तेओत्तीचा फॅसिस्टांनी खून केल्यावर पेपरने मुसोलिनीच्या विरोधात ठाम भूमिका घेतली, सरकारचा दबाव वाढत गेला, आणि शेवटी क्रेस्पींनी भागीदारीच्या करारातला एक कायदेशीर दोष पुढे करून अल्बेर्तिनी भावांना बाहेर काढलं. २८ नोव्हेंबर १९२५ ला अल्बेर्तिनीचा निरोपाचा लेख छापून आला. त्याच्याबरोबर अर्थशास्त्रावर लिहिणारे लुइजी एइनाउदीही गेले, जे पुढे १९४८ मध्ये इटलीचे राष्ट्रपती झाले.

ही जुनी गोष्ट एवढ्यासाठी सांगितली की १९२५ मध्ये निदान सगळं दिसत होतं. दबाव कुणाचा, मालक का वाकले, संपादक का गेला, हे त्या दिवशीचा पेपर हातात घेतलेल्या माणसाला कळत होतं. पन्नास वर्षांनी जे झालं त्यात दिसण्यासारखं काहीच नव्हतं.

१९७० चं दशक सुरू झालं तेव्हा घराण्याची सूत्रं जुलिया मारिया क्रेस्पींकडे होती. १९७२ मध्ये त्यांनी संपादक जोव्हान्नी स्पादोलिनींना काढलं आणि पिएरो ऑत्तोनेंना आणलं. ऑत्तोनेंनी पेपर बराच मोकळा केला, पाझोलिनीसारख्या लेखकाला पहिल्या पानावर जागा दिली, सत्ताधारी ख्रिश्चन डेमोक्रॅट पक्षावर थेट टीका यायला लागली. काही जुन्या लोकांना ते पटलं नाही. इंद्रो मोंतानेल्ली, पेपरचं सगळ्यात मोठं नाव, १९७३ मध्ये बाहेर पडले आणि जून १९७४ मध्ये त्यांनी स्वतःचं 'इल जोर्नाले' काढलं. म्हणजे वाचकवर्ग तिथेच थोडा फुटला. तोपर्यंत क्रेस्पींनी आपला काही हिस्सा आन्येल्ली, म्हणजे फियाटवाले, आणि तेलाच्या धंद्यातले मोराती यांना विकलेला होता, तिघांचे साधारण एकेक तृतीयांश.

अडचण नेमकी काय होती

जुलै १९७४ मध्ये हे तिन्ही हिस्से आंद्रेआ रित्सोलींनी घेतले. रित्सोली घराणं छपाईतून वर आलेलं, आंद्रेआचे वडील आंजेलो अनाथाश्रमात वाढून छपाई शिकले आणि मासिकं, पुस्तकं, सिनेमे असा मोठा पसारा करून गेले. वडिलांना दैनिक काढायची फार इच्छा होती म्हणतात, ती राहून गेली, मुलाने ती पुरी केली. यातली भावना मला समजते. पण व्यवहार बघितला तर तिथेच पहिली चूक आहे.

कारण त्या काळात इटलीत दैनिक चालवणं हा तोट्याचा धंदा होता आणि त्यामागे साधं गणित होतं. पेपरची किंमत किती ठेवायची हे मालक ठरवू शकत नव्हता, ती सरकारी किंमत समितीच्या हातात होती. महागाई मात्र तेलाच्या संकटानंतर सुसाट. कागद महाग, पगार वाढते, छापखान्यात संघटना मजबूत त्यामुळे माणसं कमी करणं अवघड, आणि विकायची किंमत गोठलेली. म्हणजे जेवढा खप जास्त तेवढं नुकसान जास्त अशी अवस्था.

त्यात विकत घेतानाच रित्सोलींकडे पूर्ण पैसे नव्हते. आन्येल्लींच्या हिश्श्याचे पैसे लगेच द्यायचे नव्हते, मुदत १९७७ ची होती. मुदत मिळाली की माणसाला सुटल्यासारखं वाटतं, पण ती तारीख कॅलेंडरवर बसून असते. तीन वर्षांत पेपर नफ्यात येईल, किंमतीवरचं नियंत्रण उठेल, सरकारी मदत येईल, असा काहीतरी हिशोब असणार. यातलं वेळेत काहीच झालं नाही. उलट ग्रुपने आणखी पेपर घेतले, आणखी पसारा वाढवला.

तर १९७७ च्या उन्हाळ्यात परिस्थिती अशी, जुनं देणं दारात उभं, रोजचा तोटा चालू, आणि इटलीतला सगळ्यात वजनदार पेपर हातात. यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे कारण ज्याला कर्ज द्यायचं होतं त्याला व्याजात रस नव्हता, वजनात होता.

१९७७ मध्ये समोर कोणते पर्याय होते

मी हे चार भागात बघतो, तेव्हा कुणी असं कागदावर मांडलं होतं असं माझं म्हणणं नाही.

एक म्हणजे विकून टाकणं. आन्येल्लींकडे परत देता आला असता, दुसरा कुणी उद्योगपती शोधता आला असता. पण घराण्याची अब्रू त्यात गुंतलेली, वडिलांचं स्वप्न तीन वर्षांत परत करायचं म्हणजे हार मान्य करणं, आणि असा तोट्यातला पेपर घेणारा जो कोणी येईल त्याच्यामागे कुठला ना कुठला पक्ष असणारच.

दुसरा, पसारा कापणं. जे पेपर रक्त पितायत ते बंद करायचे, एकटा कोरिएरे आणि चांगली चालणारी मासिकं ठेवायची. व्यवहाराने बघितलं तर हाच पर्याय मला सगळ्यात शहाणा वाटतो. पण छपाई कामगारांच्या संघटनांशी भांडण, संप, आणि पक्षांची नाराजी, हे सगळं एकदम अंगावर आलं असतं.

तिसरा, सरळ सरकारी बँकांकडे जाणं. त्या बँकांच्या मागे पक्ष होते आणि ऑत्तोनेंच्या काळात पेपर सत्ताधाऱ्यांना टोचत होता, त्यामुळे पैशाबरोबर संपादक बदला ही मागणी येणार हे उघड होतं. खरं तर कर्जाचे दरवाजे एकेक करून बंद होत गेले त्यामागे हेच होतं असं बरेच जण मानतात आणि मलाही ते पटतं.

चौथा पर्याय रोबेर्तो काल्वी. बांको अँब्रोसियानो ही मिलानचीच खाजगी कॅथलिक बँक, काल्वी तिचा प्रमुख, व्हॅटिकनच्या बँकेशी त्याचे व्यवहार. त्याच्यापर्यंत नेणारे लोक होते लिचो जेल्ली आणि त्याचा साथीदार उंबेर्तो ऑर्तोलानी. जेल्ली हा तस्कानीतल्या आरेत्सोजवळ कपड्याचा कारखाना चालवणारा माणूस, आणि 'प्रोपागांदा दुए' म्हणजे पी-दुए नावाच्या एका फ्रीमेसन लॉजचा सर्वेसर्वा. फ्रीमेसन ही एक जुनी, बंदिस्त बंधुसंघटना, आणि लॉज म्हणजे तिची शाखा. हे लॉज गुप्त होतं, सभासद कोण हे सभासदांनाही पूर्ण माहीत नसायचं.

चौथा पर्याय सोपा दिसला कारण त्यात उघड अट काहीच नव्हती. कुणी संघटना अंगावर येणार नव्हती, कुठला मंत्री फोन करणार नव्हता, पेपर नावाने रित्सोलींचाच राहणार होता. मला वाटतं माणूस फसतो तो बहुतेक वेळा अशाच ठिकाणी, जिथे किंमत लिहिलेली नसते तिथे.

काय केलं गेलं

१९७७ मध्ये रित्सोली ग्रुपचं भांडवल वाढवलं गेलं, २०.४ अब्ज लिरांनी. पैसे अँब्रोसियानोच्या वर्तुळातून आले आणि बदल्यात रित्सोलींचे बहुतांश शेअर तारण गेले. बाहेर बातमी काय, तर रित्सोलींनी स्वतःचं भांडवल वाढवलं. शेअर कुठे ठेवलेत हे वाचकाला माहीत नाही, न्यूजरूमला माहीत नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऑत्तोने गेले आणि फ्रांको दी बेल्ला संपादक झाले. दी बेल्ला कुणी बाहेरचा माणूस नव्हता, याच पेपरात वाढलेला, गुन्हेगारीच्या बातम्यांत मुरलेला, कामाला वाघ. त्यामुळे नेमणुकीत कुणाला वावगं दिसायचं कारण नव्हतं. पेपर चालतही होता, बातम्या येत होत्या, चांगली माणसं चांगलं लिहीत होती. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर सगळं कळल्यावर असं वाटायला लागतं की त्या चार वर्षांत पेपर म्हणजे नुसतं प्रचारपत्रक झालं असेल. तसं नव्हतं. ते दहशतवादाचे दिवस होते. मोंतानेल्लींच्या पायावर जून १९७७ मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, आणि २८ मे १९८० ला कोरिएरेचाच पत्रकार वाल्तेर तोबाजी, लोम्बार्दीच्या पत्रकार संघटनेचा अध्यक्ष, वय अवघं ३३, मिलानच्या रस्त्यावर मारला गेला. ज्या न्यूजरूममधली माणसं लिहिण्यासाठी जीव देत होती तिच्याच वरच्या मजल्यावर शेअर गहाण पडलेले होते, हे वाचताना मला आजही त्रास होतो.

मग बदललं काय? छोट्या छोट्या गोष्टी. एक उदाहरण सगळ्यात बोलकं आहे. अर्जेंटिनात मार्च १९७६ मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती, माणसं गायब होत होती, त्यात इटालियन वंशाचे लोक खूप. कोरिएरेचा ब्युनोस आयर्समधला वार्ताहर हे लिहीत होता आणि लष्कराला ते खुपत होतं. त्याला तिथून हलवून ब्राझीलमध्ये, रिओला पाठवलं गेलं. कारण सुरक्षेचं सांगता येण्यासारखं होतं, पत्रकारांना तिथे धमक्या येतच होत्या. पण रित्सोली ग्रुपचे अर्जेंटिनात प्रकाशनाचे व्यवहार होते, जेल्लीची तिथल्या सत्ताधाऱ्यांत उठबस होती, आणि लष्करी राजवटीतला अॅडमिरल मास्सेरा पी-दुएच्या यादीत निघाला. एकेक गोष्ट सुटी बघितली तर काहीच नाही, सगळ्या जोडल्या तर चित्र दिसतं.

दुसरं उदाहरण उघड्यावरचं. ५ ऑक्टोबर १९८० ला कोरिएरेच्या तिसऱ्या पानावर, जे पान इटलीत साहित्य आणि विचारांसाठी मानाचं समजतात, तिथे जेल्लीचा लांबलचक इंटरव्ह्यू आला. घेणारा मौरित्सिओ कोस्तांझो, टीव्हीवरचं नावाजलेलं नाव आणि रित्सोलींनीच काढलेल्या 'लोक्क्यो' या दैनिकाचा संपादक. प्रश्न मऊ होते. त्यात जेल्लीला विचारलं की लहानपणी मोठेपणी काय व्हायचं होतं, तो म्हणाला कठपुतळ्या नाचवणारा. आता हे वाचलं की अंगावर काटा येतो, तेव्हा लोकांनी चहा पिता पिता वाचून पान उलटलं असेल. कोस्तांझोने पुढे स्वतः लॉजचा सभासद असल्याचं कबूल केलं.

तोपर्यंत घरची सूत्रं आंद्रेआच्या मुलाकडे, धाकट्या आंजेलो रित्सोलीकडे आली होती आणि आर्थिक व्यवहार ब्रुनो तासान दिन बघत होता. एप्रिल १९८१ मध्ये काल्वीच्या 'ला चेंत्राले' या कंपनीने ग्रुपचे ४० टक्के उघडपणे घेतले.

यादी बाहेर आली

१७ मार्च १९८१. मिलानचे दोन न्यायाधिकारी, गेरार्दो कोलोंबो आणि जुलियानो तुरोने, दुसऱ्याच प्रकरणाचा तपास करत होते, मिकेले सिंदोना या बुडीत बँकरने स्वतःच्या अपहरणाचं जे नाटक केलं होतं त्याचा. त्या धाग्यावरून त्यांनी आरेत्सोजवळच्या कास्तिल्योन फिबोक्की गावात जेल्लीच्या कारखान्यावर धाड घालायला लावली. तिथे पी-दुएच्या सभासदांची यादी सापडली, ९६२ नावं. मंत्री, खासदार, सेनाधिकारी, गुप्तचर खात्यांचे प्रमुख, बँकर, पत्रकार. नंतर पंतप्रधान झालेले सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी, तेव्हा मिलानमधले बिल्डर, त्यांचंही नाव होतं. आणि रित्सोली, तासान दिन, दी बेल्ला.

सरकारने दोन महिने यादी दाबून ठेवली. २० मेला काल्वीला परकीय चलनाच्या प्रकरणात अटक झाली आणि २१ मेला पंतप्रधान फोर्लानींनी यादी प्रसिद्ध केली. यादीतल्या बऱ्याच जणांनी आपण सभासद नसल्याचं सांगितलं, काहींचं तर म्हणणं की नाव परस्पर घातलं.

आता विचार करा, तुम्ही कोरिएरेच्या न्यूजरूममध्ये आहात. देशातली सगळ्यात मोठी बातमी आहे, ती छापायची आहे, आणि तिच्यात तुमच्या मालकाचं, मॅनेजरचं आणि संपादकाचं नाव आहे. दाबायची म्हटलं तर दुसऱ्या दिवशी बाकी सगळे पेपर छापणार. छापायची म्हटलं तर कोणाच्या सहीने? जो संपादक अंक पास करणार तोच बातमीत.

पेपरने नावं छापली, स्वतःच्या लोकांचीही. हा निर्णय लहान वाटेल पण मला तो या पूर्ण प्रकरणातला पहिला सरळ निर्णय वाटतो. न्यूजरूमच्या समितीने दबाव सोडला नाही, दी बेल्लांनी जूनमध्ये राजीनामा दिला. त्याच सुमारास फोर्लानींचं सरकार पडलं आणि नवे पंतप्रधान झाले जोव्हान्नी स्पादोलिनी, म्हणजे १९७२ मध्ये कोरिएरेतून काढलेले तेच संपादक. प्रजासत्ताक झाल्यापासून ख्रिश्चन डेमोक्रॅट नसलेला हा पहिला पंतप्रधान.

संपादकाच्या खुर्चीवर आले अल्बेर्तो काव्हाल्लारी. पेपरचे जुने वार्ताहर, १९६५ मध्ये पोप पॉल सहावे यांची मुलाखत घेतलेले, कडक स्वभावाचे. त्यांच्यासमोरची कोंडी अशी की पेपर साफ करायचा पण मालक अजून तेच, कारण शेअर तिथेच अडकलेले. वाचकांना विश्वास ठेवा म्हणायचं पण घर कोणाचं ते सांगता येत नाही. अशा वेळी बरेच जण सोडून जातात आणि त्यांना दोष देता येत नाही. एंझो बियाजी, घरोघरी माहीत असलेलं नाव, 'ला रेपुब्लिका'त गेले. काव्हाल्लारी आणि बाकीचे थांबले. जाणारेही आपल्या जागी बरोबर होते आणि थांबणारेही, एवढंच म्हणता येतं.

परिणाम

पैशाच्या बाजूने सगळं कोसळलं. दैनिकं बंद झाली, लोक्क्यो आणि कोरिएरेचंच दुपारचं भावंड 'कोरिएरे दिन्फोर्मात्सिओने' दोन्ही १९८१ मध्ये गेली. जून १९८२ मध्ये काल्वी पळाला आणि १८ जूनला लंडनच्या ब्लॅकफ्रायर्स पुलाखाली लटकलेला सापडला, बँक बुडाली. त्याच वर्षी ग्रुप न्यायालयाच्या देखरेखीखाली गेला. फेब्रुवारी १९८३ मध्ये आंजेलो रित्सोलीला अटक झाली, त्याचे खटले पुढे वर्षानुवर्षं चालले. आजोबांनी एका छपाईयंत्रापासून उभं केलेलं घराणं नातवाच्या हातून गेलं. १९८४ मध्ये आन्येल्ली, मोंतेदिसॉन वगैरे उद्योगांच्या गटाने ग्रुप घेतला, म्हणजे फिरून पेपर मोठ्या उद्योगपतींकडेच आला.

खपाचं नुकसान मोठं होतं, दोन-तीन वर्षांत लाखाच्या आसपास प्रती कमी झाल्या. एउजेनिओ स्काल्फारींनी १४ जानेवारी १९७६ ला सुरू केलेला ला रेपुब्लिका तोपर्यंत तरुण वाचकांचा पेपर झाला होता आणि १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो कोरिएरेच्या पुढे गेला. शंभर वर्षांहून जुन्या पेपरला दहा वर्षांच्या पेपरने मागे टाकलं. पुढे कोरिएरे परत वर आला, पण त्याला बराच काळ लागला.

संसदेने तीना आन्सेल्मींच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. आन्सेल्मी म्हणजे दुसऱ्या महायुद्धात किशोरवयात प्रतिकार चळवळीत निरोप पोचवणारी मुलगी, पुढे इटलीची पहिली महिला मंत्री. आयोगाने १९८४ मध्ये अहवाल दिला, यादी खरी मानली. जेल्लीच्या मुलीच्या सुटकेसच्या खोट्या तळात जुलै १९८१ मध्ये जे कागद सापडले होते त्यात एक आराखडा होता, त्यात लिहिलेलं की प्रत्येक दैनिकात दोन-तीन पत्रकार आपल्या बाजूचे निवडायचे. सगळी न्यूजरूम विकत घ्यायची गरजच नाही, दोन-तीन पुरतात. मला हा तपशील यादीपेक्षा जास्त भीतीदायक वाटतो.

वेगळं काय करता आलं असतं

बहुतेक चर्चा १९८१ वर येऊन थांबते, संपादकाने लगेच राजीनामा द्यायला हवा होता का, न्यूजरूमने आधी बंड करायला हवं होतं का. माझ्या मते तोपर्यंत उशीर झालेला होता. निर्णयाची खरी जागा १९७७, आणि त्याच्याही आधी १९७४.

१९७४ मध्ये हातात नसलेल्या पैशावर पेपर घ्यायलाच नको होता, निदान विकत घेणारा तीन वर्षांनी पैसे कुठून देणार हे विकणाऱ्याने विचारायला हवं होतं. क्रेस्पी, मोराती, आन्येल्ली तिघांनाही पेपर डोक्यावरून उतरवायचा होता, त्यांनी विचारलं नसावं. विकणाऱ्याची जबाबदारी या प्रकरणात फार कमी लोक काढतात.

१९७७ मध्ये तारणाची गोष्ट उघड करायला हवी होती. कायदा तेव्हा सक्ती करत नव्हता. तो आला ५ ऑगस्ट १९८१ ला, यादी बाहेर पडल्यावर अडीच महिन्यांनी, आणि त्याने पेपरच्या मालकीची आणि पैशाची माहिती उघड करणं बंधनकारक केलं, शिवाय एका मालकाकडे देशातल्या एकूण खपाच्या किती टक्क्यांपर्यंत पेपर असावेत यावर मर्यादा घातली. हाच कायदा चार वर्षं आधी असता तर रित्सोलींनाही बँकेपुढे नाही म्हणायला एक कारण मिळालं असतं.

न्यूजरूमच्या हातात काय होतं? पॅरिसच्या 'ल मॉन्द'मध्ये १९५१ पासून पत्रकारांची स्वतःची सोसायटी कंपनीत भागीदार होती, त्यामुळे हिशोबाचे कागद त्यांच्यासमोर यायचे. व्हिया सोल्फेरिनोत पत्रकारांची समिती मजबूत होती, मजकुरावर, नेमणुकांवर बोलायची, पण भांडवलाच्या कागदांपर्यंत तिची नजर जात नव्हती. पत्रकार म्हणून आपल्याला वाटतं की पहिलं पान राखलं म्हणजे पेपर राखला. १९७७ मध्ये पहिलं पान बऱ्यापैकी शाबूतच होतं.

आणि एक खूण मात्र तेव्हाही सगळ्यांसमोर होती, ती म्हणजे अर्जेंटिनाची बदली. दूरच्या देशातला एक वार्ताहर, सत्तेला खुपणाऱ्या बातम्या, आणि अचानक दुसऱ्या शहरात नेमणूक. तेव्हा समितीने एवढं एकच लावून धरलं असतं की हा निर्णय कोणी घेतला आणि ग्रुपचे त्या देशात काय व्यवहार आहेत, तर धागा कदाचित वरच्या मजल्यापर्यंत गेला असता.

ऑक्टोबर १९८२ च्या अखेरीला, काव्हाल्लारी संपादक असताना, मालकीचा घोळ तसाच असताना, कोरिएरेने अर्जेंटिनात गायब झालेल्या इटालियन लोकांची यादी छापली, जवळपास ३०० नावं. त्यांच्या घरच्यांनी ती नावं वर्षानुवर्षं दूतावासाच्या दारात नेली होती. आणि ती बातमी लिहिली होती त्याच रिओला पाठवलेल्या वार्ताहराने.